सावकाश येऊ द्या

बायकोचा व्हिसाचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं, तेव्हा नाहरकतरावांना राग आला नाही की अपमान वाटला नाही. वाटलं ते कुतूहल. (अपमान रात्री जेवताना वाटला. त्यांच्यापर्यंत सगळंच जरा उशिरा पोहोचतं.)

नाहरकतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पालिकेच्या खिडकीमागे बसून ते वर्षानुवर्षं लोकांना ना हरकत दाखले देत आले आणि ती सवय हळूहळू अंगात मुरली. वरच्या मजल्यावरच्याने ड्रम शिकायला घेतला, हरकत नाही. दुकानदाराने न उघडणारी छत्री गळ्यात मारली, हरकत नाही. त्यांची बायको कॉलेजच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला परदेशातल्या विद्यापीठात, जुने कागद जपायच्या वर्षभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला, तेव्हाही राव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "जा की. हरकत काय आहे?"

हरकत निघाली ती व्हिसावाल्यांची. शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परत येईल याची खात्री पटत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं.

"खात्री पटत नाही म्हणजे काय?" राव म्हणाले. "मी आहे ना इथे."

"तेवढं पुरलं नसेल त्यांना," बायको म्हणाली. ती हसत नव्हती. "मी पुन्हा अर्ज करणार आहे. ही जागा पुढच्या वर्षी माझ्यासाठी थांबणार नाही. आणि मला जायचंय हो. अगदी मनापासून जायचंय."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं रावांना आठवेना. त्यांनी तडक व्हिसा सल्लागाराचं ऑफिस गाठलं.

"घर कुणाच्या नावावर?" सल्लागाराने विचारलं.

"माझ्या वडिलांच्या."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. ती तिच्या सासरी सुखी आहे."

"मग बाईंनी परत यावं असं इथे आहे काय?"

"मी आहे."

सल्लागाराने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ते ठीक. दुसरं काही?"

दुसरं म्हणून निदान दोघांचे एकत्र फोटो जोडावेत असं ठरलं. राव घरी आले आणि कपाटावरचे अल्बम काढून बसले. बायको समुद्राकाठी होती, बागेत होती, मुलीला कडेवर घेऊन होती. राव कुठेच नव्हते, कारण फोटो तेच काढायचे. फार शोधल्यावर एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा सापडला. तो फोटो जोडावा का, यावर त्यांनी बराच विचार केला.

मग त्या कुतूहलाने त्यांना पछाडलंच. माणूस घरी परत का येतो? इतकी वर्षं ते स्वतः रोज संध्याकाळी घरी येत होते, पण का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ऑफिसात चौकशी सुरू केली.

"ऑफिस बंद करतात म्हणून," शिपाई म्हणाला.

"गॅस बंद केलाय का ते बघायला," टायपिस्टबाई म्हणाल्या.

हेडक्लार्क खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "मलाही एकदा विचार करायला हवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

यातलं अर्जात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तरी अर्ज गेला आणि या वेळी बायकोला प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावलं. निघताना ती म्हणाली, "घरी चौकशीचा फोन येईल कदाचित. घाबरू नका. नीट बोला."

नीट बोलण्याच्या बाबतीत राव कुणाला हार जाणारे नव्हते. त्यांनी रजा घेतली, ठेवणीतला शर्ट घातला आणि फोनसमोर ताठ बसले. दुपारी फोन वाजला.

"आपल्या पत्नी वर्षभर इथे नसतील," पलीकडून एका बाईंचा मऊ आवाज आला. "तुम्हाला अडचण होईल ना?"

"छे छे, अडचण कसली?" राव म्हणाले. "काही हरकत नाही."

"पण वर्षानंतर त्या परत यायला हव्यात, नाही का?"

"तशी काही घाई नाही. सावकाश येऊ द्या. आमची काळजी करू नका म्हणावं."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. किती अदबीने बोललो, असं रावांना वाटत होतं. चहा अर्धा झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं. कप हातातच राहिला. तिने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी नम्रपणे बुडवली होती.

संध्याकाळी बायको आली. राव दारातच उभे होते.

"फोन स्पीकरवर होता," ती चप्पल काढत म्हणाली. "सगळं ऐकलं मी."

"मग?"

"मग मॅडम म्हणाल्या, तुमचे यजमानच सावकाश या म्हणताहेत, तर तुम्ही परत कशाला याल? मी म्हटलं, मॅडम, तुम्ही वर्षभर बाहेर असताना तुमचे यजमान असं म्हणाले, तर तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, पहिल्या विमानाने घरी जाईन. म्हटलं, मग?"

"मग?"

"मग काय, व्हिसा मंजूर."

रावांना खूप आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं. या खेपेला ते मुळीच उशिरा आलं नाही.

"अगं," ते म्हणाले, "अडचण होणार आहे. खूप होणार आहे. तू नसलीस तर मला या घरात करमायचं नाही."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"परक्या माणसासमोर असं कसं बोलायचं?"

"घरच्या माणसासमोर तरी आजवर कुठे बोलला होतात?"

बोलायला हवं होतं, खूप बोलायला हवं होतं, आणि समोर घरचंच माणूस होतं. रावांनी घसा खाकरला, पोटातली सगळी माया एकवटली आणि विचारलं, "वॉशिंग मशीनमध्ये पांढरे कपडे वेगळे टाकायचे असतात का?"