मोराला आधी वाढलं

पक्षीपालकानं लांडोरीचं अंडं उचललं आणि ते त्याच्या तळहातावर फुग्यासारखं दबलं. त्या काळी बागेतल्या पिंजऱ्याला लागूनच त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यामुळे पिंजऱ्यातलं दुखणं घरात यायला वेळ लागत नसे.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी शिंपल्यांचा चुरा दिला. "हिला कॅल्शियम कमी पडतंय. वेगळ्या भांड्यात ठेवा, हवं तेवढं ती खाईल. मोराच्या दाण्यात मात्र मिसळू नका. तो काय अंडी घालत नाही."

दुपारचा दाणा घालायचं काम पक्षीपालकाच्या आईकडे होतं. पुरुषाच्या आधी बाईला घास वाढणं हे त्या माउलीच्या हाताला ठाऊकच नव्हतं. लांडोर भांड्यात चोच मारतेय आणि मोर नुसता बघत उभा आहे, हे पाहून त्यांचा जीव कळवळला.

"अगं बाई! घरधनी उभा आणि ही खुशाल जेवतेय!"

त्यांनी मूठभर चुरा मोराच्या दाण्यात कालवला.

"आई, डॉक्टर नको म्हणालेत," सून म्हणाली.

"डॉक्टरांना आयतं ताट मिळतं. कुणाला आधी वाढायचं ते त्यांना काय कळणार!"

मग हे रोजचंच झालं. पुढे मोर मरगळला, तेव्हा आईंनी निदानही केलं, "त्याला कमी पडतंय." त्यांनी चुरा वाढवला आणि वर स्वतःच्या गुडघेदुखीच्या कॅल्शियमच्या गोळ्याही कुटून घातल्या. मोर लंगडू लागला. शेवटी त्यानं दाण्याला तोंड लावणंच सोडलं. पिल्लू असल्यापासून त्याला हातावर वाढवणारा पक्षीपालक पार हबकला.

डॉक्टरांनी मोराचे सुजलेले सांधे दाबून पाहिले. "मूत्रपिंडं थकलीत. काय घालत होता ह्याला?"

सून छताकडे बघू लागली.

"मीच घातलं," आई म्हणाल्या. "बायको जेवतेय आणि हा उपाशी, बरं दिसतं का?"

"आजी, दाणा होता ना त्याला! वर तुम्ही चुना वाढत होता."

"वाचेल ना हो?"

डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी, साधा दाणा. दोघांना वेगळं ठेवा. आणि ह्याला आता काहीही प्रेमानं वाढू नका."

आईंनी पिंजऱ्यापाशी स्टूल टाकलं. पाणी बदलायचं आणि हात आवरायचा, एवढंच त्यांचं काम. त्यातलं दुसरं फार जड गेलं. पण एका सकाळी मोर असा काही केकाटला, की अख्खी गल्ली शिव्या देत उठली. आई तेवढ्या डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

दुपारी पक्षीपालक नेहमीसारखा जेवायला बसला. आईंनी वाफाळतं ताट उचललं आणि सुनेपुढे ठेवलं.

"आई, आणि मला?"

"दम धर जरा. पुरुषांना फार जपावं लागतं म्हणे."

सुनेनं घाईघाईनं पहिला घास घेतला आणि तिची जीभ पोळली. इतकं गरम जेवायची तिला सवयच नव्हती.