पेपर पेपराच्या जागी

माझे मामा सलग चाळीस दिवस, रोज सकाळी साडेसातला, उपाशीपोटी एक चमचा अळ्या खात होते.

अळ्या म्हणजे वळवळणाऱ्या नव्हेत. रेशमाच्या कोषावरचा धागा उकलून घेतला की आत जी अळी उरते, ती वाळवून, भाजून, दळून केलेली तपकिरी भुकटी. चमचा तोंडात घालण्याआधी मामा तो नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि समोर जो कोणी चहा पीत बसला असेल त्याला सांगत, "खवट शेंगदाण्याचा कूट, अन् त्याला वल्ल्या पोत्याचा वास. आणखी काय न्हाई." समोरच्याचा चहा तिथेच संपे.

मी हे हसत लिहितोय, पण मला हसायचा हक्क नाही. कारण भुकटी खाणाऱ्यांच्या यादीत मामांच्या नावाखाली माझंही नाव होतं. अल्झायमर झालेल्या माणसांना पूरक आहार म्हणून ही भुकटी देऊन काही फरक पडतो का, याची चाचणी परभणीतल्या एका संस्थेत सुरू होणार होती. पहिल्या टप्प्यात धडधाकट माणसांनी ती खाऊन बघायची, पचते का, काही त्रास होतो का. मामांनी स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही दिलं. मी बावन्न वर्षांचा कारकून. 'धडधाकट' हा शब्द माझ्याबाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच वापरला गेला, म्हणून मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी अंगभर पित्त उठलं आणि माझं नाव कटलं.

"तुझं पहिल्यापासून असंच," मामा फोनवर म्हणाले. "पेपर अर्धा टाकून उठायचा."

या वाक्याला छत्तीस वर्षांचा इतिहास आहे.

मामा म्हणजे माणिक मास्तर. राणीसावरगावला हायस्कुलात गणित शिकवायचे. त्या काळी दहावीच्या परीक्षेला केंद्राच्या खिडक्यांबाहेर पोरांपेक्षा पाहुणेच जास्त जमत. ज्या खोलीवर मामा पर्यवेक्षक, त्या खिडकीखाली मात्र शुकशुकाट. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत ते पाण्याचा घोटही घेत नसत. खिडकीतून पोहे येत, चहा येई, एकदा उकडलेली अंडी आली. मामा सगळं तसंच परत पाठवत. "खाल्लं की डोळा झाकावा लागतोय," म्हणत. "पेपर सुटेपर्यंत मला भूक लागत न्हाई."

माझा नंबर त्यांच्याच खोलीत आला. खोलीत आपला भाचा आहे असं मामांनी केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "मग काय, चांगलंच झालं की." आमच्या घरीही सगळ्यांना चांगलंच झालं असं वाटत होतं. भूमितीच्या पेपराला मामा सरळ माझ्या बाकाशी आले आणि माझ्या डाव्या मोज्यातून चिठ्ठी काढली. मोजा हा माझा स्वतःचा शोध होता आणि मला त्याचा अभिमान होता.

"मामा," मी म्हणालो.

"मामा घरी. पेपर पेपराच्या जागी."

आणि त्यांनी मोत्यांसारख्या अक्षरात माझी कॉपी केस लिहिली. मी ती वाचली, कारण खाली मलाच सही करायची होती. सुरुवातच अशी होती: 'सदर विद्यार्थी माझा सख्खा भाचा असून...' माझं वर्ष गेलं. आई दोन वर्षं भावाशी बोलली नाही. मामा मात्र दोन्ही भाऊबिजेला आले. ओट्यावर तासभर बसले, आई बाहेर येत नाही असं बघितलं, साडी उंबऱ्यावर ठेवली आणि एसटी धरली.

'जागी' हा त्यांचा आवडता शब्द. कंडक्टर ओळखीचा निघाला तरी "वळख वळखीच्या जागी, तिकीट तिकिटाच्या जागी." लग्नात पंगतीला कोणी ओढून आधी बसवलं तरी "पाहुणा पाहुण्याच्या जागी." अशा माणसाबरोबर कुठे जायचं म्हणजे आपण काही गुन्हा केलेला नसतानाही हळूहळू एखादा आठवायला लागतो.

निवृत्तीनंतर त्यांनी रानात तुती लावली. पण रेशीम केलं ते कौसल्यामामींनी. मामींना मूलबाळ नाही. शेडमधल्या किड्यांना त्या लेकरं म्हणत, आणि लेकरांसारखंच त्यांचं खाणं-झोपणं सांभाळत. "चपला भाईर. शिंकायचं आसंल तर बांधावर जा," असा माझा पाहुणचार होई. लेकरं कात टाकायला बसली की शेडमध्ये कुजबुजत बोलायचं. सबंध शाळेला धाकात ठेवलेले मामा तिथे बायकोच्या मागे पाल्याचे भारे वाहत आणि फक्त मानेने हो-नाही करत.

मग एका सकाळी मामी रिकाम्या मांडणीवर पाला पसरताना दिसल्या. कोष आठवड्यापूर्वीच विकून झाले होते. मांडणीवर एकही किडा नव्हता.

"मग तुम्ही काय केलं?" मी मामांना विचारलं.

"आणखी पाला कापून दिला. पुरंना तिला."

काही महिन्यांनी मामींनी ओसरीवर बसलेल्या मामांना विचारलं, "तुमी कोन?" मामा मला सांगत होते, तेव्हा माझ्याकडे न बघता दोरीवरच्या कपड्यांकडे बघत होते. "मी म्हनलं, मी मास्तर. खोटं न्हाई बोललो. मास्तर हायच की मी."

"शिरगणतीला आलाव व्हय?" मामींनी विचारलं.

तेव्हापासून मामा त्यांच्या घरी शिरगणतीला आलेले मास्तर झाले. मामी त्यांना अदबीनं वागवतात. चहा देतात, पाट देतात. मी असताना एकदा त्यांनी चौकशी केली, "तुमच्या घरी कोन कोन हाय, मास्तर?"

"एक बायको हाय."

"तिला सांगून आलाव का?"

"तिला इचारल्याबिगर मी कुठं जात न्हाई," मामा म्हणाले.

मी तेव्हा चहात साखर नाही असं सांगणार होतो. राहून गेलं.

निखत ही त्या संस्थेतली तरुण डॉक्टर. कोषाच्या चौकशीला शेडवर आली होती, मामींशी दहा मिनिटं बोलली आणि मामांना बाजूला घेऊन चाचणीची माहिती दिली. शहाण्या घरात यावर आधी नातेवाइकांची बैठक बसली असती. मामांनी एकच विचारलं, "तिच्या तोंडात घालायच्या आधी मला खायला मिळंल का?" म्हणून ते पहिल्या टप्प्यातले चाळीस चमचे. आणि कोणी नाक मुरडलं तर उत्तर तयार, "तिनं इतकी साल त्यांला पाला घातला. आता त्यांनी तिला थोडं घालावं की."

दुसरा टप्पा मामींचा. निखतने समजावलं की काही डब्यांत खरी भुकटी असेल, काहींत नुसतं भाजलेल्या डाळीचं पीठ. कोणाला काय मिळालंय हे रोग्याला माहीत नसणार, घरच्यांना नसणार आणि तिलाही नसणार. शेवटी एकदम उघडायचं.

"म्हंजी पेपराचं सीलबंद पाकीट," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता गंमत बघा. चाळीस दिवस भुकटी खाल्लेला माणूस. डबा उघडल्याबरोबर वासावरून त्यांना कळलं असतं. पण ते पाकीट फोडल्यासारखं झालं असतं. म्हणून मामा रोज सकाळी श्वास रोखून, तोंड भिंतीकडे फिरवून डबा उघडत, चाचपडत चमचा भरत, दुधात ढवळत आणि पेला मामींना देऊन अंगणात पळत. वयाच्या पंचाहत्तरीत रोज. मी एकदा समोर बसून बघितलं. हसायला आलं होतं, पण हसू काही फुटलं नाही.

दर तीन महिन्यांनी परभणीला मामींची तोंडी परीक्षा व्हायची. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, असले प्रश्न. चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रोग्यांसाठी होती, त्यामुळे ठरावीक गुणांच्या खाली गेलं की नाव कमी. पहिल्या खेपेला मामी ठीक होत्या. दुसऱ्या खेपेला जेमतेम. निखत म्हणाली, "काका, आणखी खाली गेलं तर मला नाव काढावं लागेल."

त्या दिवशी स्टँडवर गावाकडे नेणाऱ्या गंगाखेडच्या गाडीची वाट बघताना मामा म्हणाले, "यादीत नाव आसलं की हजेरी आसती. नाव कटलं की मास्तरनं हाक तरी कुनाला मारायची?"

तिसऱ्या खेपेला त्यांना स्टँडवरून घेऊन मीच गेलो. श्रावणातला बुधवार होता. मामांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. परीक्षा होती ना. भाकरी पिशवीत होती.

मामी अनोळखी जागी घाबरतात म्हणून निखतने आम्हा दोघांना खोलीत बसू दिलं. मामा भिंतीशी उभे राहिले. सवयीने.

"मावशी, आज वार कोणता?"

मामींनी खाली बघितलं. "बुधवार."

"महिना?"

पुन्हा खाली. "श्रावन."

"शंभरातून सात गेले?"

मामींनी बांगड्या वर सरकवल्या. "त्र्यान्नव. शहाऐंशी. एकोनऐंशी. बाहत्तर."

या विषयात मी अडाणी नाही. डाव्या तळहातावर निळ्या पेनानं वार, महिना, गाव. मनगटावर बांगड्यांखाली बारीक आकडे. जागा माझ्या मोज्यापेक्षा कितीतरी चांगली निवडलेली. आणि अक्षर? ते अक्षर मी जगात कुठेही ओळखलं असतं. मी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते.

"आपण आत्ता कुठल्या गावात आहोत, मावशी?"

मामींनी कौतुकानं अख्खा तळहात निखतपुढे धरला. "सगळं लिवलंय की बाई हितं. बगा, अक्षर कसं मोत्यावानी. आमच्याकडं ते शिरगणतीचे मास्तर येतेत ना, त्यांचं हाय."

निखतने हात बघितला. मग तो हळूच मिटून मामींच्या मांडीवर ठेवला, आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "बरं, पुढचा प्रश्न."

सुटलो, मला वाटलं. पण ज्यांनी सुटायचं होतं ते सुटायला तयार नव्हते.

"बाई, पेपर थांबवा," मामा म्हणाले. "केस करा."

"कसली केस, काका?"

"कॉपी केस. लिवून देनारा मी हाय."

"काका, बसा तुम्ही. तसा फॉर्मच नाही माझ्याकडं."

"कोरा कागद द्या."

आणि माझ्या मामांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून स्वतःची कॉपी केस लिहिली. अक्षर तेच, मोत्यांसारखं. मी मागून वाचलं. 'सदर परीक्षार्थी माझी पत्नी असून तिचा यात काहीएक दोष नाही.' माझ्या वेळी हे दुसरं अर्धं वाक्य नव्हतं.

निखतने स्पिरिटच्या बोळ्यानं मामींचा हात पुसला. पुन्हा पहिल्यापासून विचारलं. वार आला नाही. महिना आला नाही. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर मामी म्हणाल्या, "कामून? ऱ्हाऊ द्या की शंभर." शेवटी निखतने कागद-पेन्सिल पुढे केली. "मावशी, तुमच्या मनानं एक वाक्य लिहा. कोणतंही."

मामींनी कोऱ्या तळहाताकडे बघितलं. मग भिंतीशी पिशवी छातीला धरून उभ्या असलेल्या मामांकडे बराच वेळ बघितलं. मग चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं एकेक अक्षर कोरत लिहिलं.

निखतने बेरीज केली. दोनदा केली. "काका, नाव कमी करावं लागेल."

"करा," मामा म्हणाले. "पेपर पेपराच्या..." पिशवीतून त्यांनी उरलेला डबा काढला आणि झाकण न उघडता टेबलावर ठेवला. त्यात काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. मामा विचारू देत नाहीत.

"हे मात्र बघा, काका," म्हणत निखतने मामींचा कागद त्यांच्या हातात दिला.

वाकड्या ओळीत, डोक्यावर रेघ न देता लिहिलं होतं: 'मास्तर सकाळपासून उपाशी हायेत.'

मामांनी वाचलं. कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मग मामींचा डावा तळहात धरून बघितला, उजवा बघितला, बांगड्या सरकवून मनगट बघितलं. कुठेच काही नव्हतं. मग माझ्याकडे वळले.

"तू सांगितलंस?"

"नाही, मामा."

"खुनवलंस?"

"नाही. मी कॉपीतलाच माणूस आहे, मामा. ही कॉपी नाही."

तोवर मामींनी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली होती आणि टेबलावर फडकं सोडलं होतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "या मास्तर. घरी बायको वाट बगत आसंल तुमची, पर दोन घास खाऊन जावा."

मामांनी निखतकडे बघितलं. "पेपर संपला का, बाई?"

"संपला, काका."

मग मामा मामींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि जेवायला लागले. "भाकर वाळलीय," म्हणाले. "गिळायला येळ लागायलाय." आणि मान खाली घालून चावत राहिले. मामी कांदा फोडून त्यांच्यापुढे सारत होत्या.