नियमात बसणारा विसर

आमचे हे पन्नास वर्षं मला 'अगं' म्हणत आले. गेल्या वर्षापासून 'अहो बाई' म्हणतात आणि वर 'बसा' म्हणतात. तेव्हा डोक्याशी चुंबक धरून आठवण जागी करण्याचा प्रयोग इस्पितळात सुरू झालाय असं कळल्यावर मी अर्ज केला. मागणी एवढीच, की एकदा तरी 'अगं' ऐकू यावं. अर्जात मात्र 'रुग्णाचे हित' असं लिहिलं.

प्रयोगाला अट होती. स्मृतिचाचणीत तीसपैकी अठरा ते चोवीस गुण हवेत. ह्यांना पंधरा पडले.

"तीन गुणांनी गेलं हो," नोंदणीच्या बाई हळहळल्या.

"अहो, विसरतात म्हणूनच तर आणलंय!"

"विसरायला ना नाही, आजी. पण प्रमाणात विसरायला हवं. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला पुन्हा आणा."

प्रश्नांचा कागद तोच असणार होता. विसरणाऱ्यांसाठी नवा कागद काढणं हा तिथे अपव्यय समजला जातो.

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. पाठांतर मात्र नेमात बसतं. रोज पहाटे जपमाळ घेऊन मी ह्यांच्यासमोर बसू लागले. आधी कागदावरचे लक्षात ठेवायचे पाच शब्द: शिडी, लिंबू, घोडा, चादर, पिवळा. एकशेआठ वेळा. देवाला म्हटलं, तुझं नाव महिनाभर मनातल्या मनात घेते, तुला काय, सगळं ऐकू येतं. मग शंभरातून सात वजा. मग घड्याळाचं चित्र. मग तारीख, "आज चौदा." महिनाभर हे चौदा तारखेतच राहिले. वर्तमानपत्रावरची तारीख रोज पेनानं दुरुस्त करायचे. शेवटी चौदा तारीखच नमली आणि ह्यांच्यापर्यंत चालत आली.

तीन गुण वाढवून थांबायचं होतं. पण भक्तीत मोजूनमापून करणं मला कधी जमलंच नाही. ह्यांना अठ्ठावीस पडले. शिवाय जन्मभर शिवणकाम केलेलं, म्हणून डॉक्टरांच्या कोटाची कॉलर डावीकडे पाव इंच चढलीय, हेही सांगून झालं.

"अभिनंदन!" कॉलर चाचपत डॉक्टर म्हणाले. "उपचाराची नुसती वाट पाहूनच बरे झाले. आता उपचार देता येणार नाही."

मी खरं सांगून टाकलं. "डॉक्टर, हे सगळं मीच घोकून घेतलंय हो त्यांच्याकडून."

"असं? मग नोंद घ्यावी लागेल. पण काळजीवाहकाचं म्हणणं ग्राह्य धरायचं, तर आधी काळजीवाहकाची स्मृती तपासावी लागते."

तोच कागद माझ्यापुढे आला. आधीच ठाऊक असलेली उत्तरं देणं म्हणजे खोटेपणाच की! माझा नेम नेमका तेव्हा जागा झाला. पाच शब्दांना मी गप्प बसले, तारखेला गप्प बसले, घड्याळाला काटे काढले नाहीत. एकवीस गुण पडले.

"नमुनेदार!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अगदी आमच्या अटीत बसता."

संमतीसाठी घरच्या माणसाची सही लागते. आम्हा दोघांत शहाणं असल्याचा दाखला ह्यांच्याकडेच होता. ह्यांनी झोकात सही केली.

आता आठवड्यातून पाच दिवस मी त्या चुंबकाच्या खुर्चीत बसते. डोक्याशी सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक चालते. शेजारी हे, माझी पर्स मांडीवर धरून. काल टकटक सुरू होताना मी दचकले. ह्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, "घाबरू नका, अहो बाई. घरचं कुणीच नाही का आलं तुमच्याबरोबर?"

घोडा ह्यांना अजून पाठ आहे. माझं नाव मी त्या महिन्यात एकदाही घेतलं नाही. ते कागदावर नव्हतं ना.

हसा, हसा. पण काल मुलाला धडा वाचायला बसवलंत, तेव्हा तुम्ही तरी आधी काय विचारलंत? 'परीक्षेला आहे का?' हेच ना?