नितळ पाणी

अप्पांच्या बरणीत तुरटी मी फिरवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळेल.

महालिंगअप्पा आमचे शेजारी. अंबाजोगाईत जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मोंढ्यात, बाजाराच्या गर्दीत, कुणी समोरून धडकलं तर ते रागावत नाहीत. चार पावलं उलटे जातात, जरासे वळतात, पुन्हा चालू लागतात. मागून धक्का लागला तर मात्र सुसाट सुटतात. एका लग्नात पंगतीला जाताना असेच सुटले, ते थेट नवरदेवाच्या पाटावर.

"पॅरामेशियम बी असंच करतंय," हे वर ऐकवतात.

हा एका पेशीचा, चपलेच्या तळासारखा जीव. अप्पांच्या स्वयंपाकघरात, कडबा भिजवलेल्या पाण्याच्या बरणीत अशा हजारो जिवांची वस्ती. अप्पांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. कडब्याच्या कणावर तोंड आपटलं की मागे सरकायचा, वळायचा, पुन्हा पुढे. मी विचारलं, मेंदू नाही, नसा नाहीत, याला कळतं कसं?

अप्पा खुलले. म्हणाले, पुढून धक्का बसला की कातडी ताणली जाते, बारीक दारं उघडतात, पाण्यातलं कॅल्शियम आत घुसतं आणि अंगभरचे केस उलटे वल्हवायला लागतात. शेपटाकडून शिवलं की दुसरी दारं उघडून पोटॅशियम बाहेर पडतं, अन् केस पुढे जोर लावतात.

"आख्खं अंगच बोटाचं टोक हाय बगा त्याचं."

उन्हाळ्यात अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे लातूरला गेले. बरणी माझ्याकडे आली. आमच्याकडे टँकरचं पाणी भरलं की आधी तुरटी फिरवायची. बरणी गढूळ दिसली आणि हात आपोआप फिरला. सकाळी पाणी काचेसारखं. अप्पा खूश होतील, असं वाटलं मला.

अप्पा आले. नव्या डोळ्याने सूक्ष्मदर्शकातून कितीतरी वेळ बरणीतलं पाणी पाहत राहिले.

"एक बी न्हाई. मी गेलतो ना टाकून. उन्हानं मेले."

मी म्हणालो, हो, ऊन फारच होतं.

त्यानंतर अप्पा मोंढ्यात दिसेनात. भाकरी घेऊन गेलो, तर सूक्ष्मदर्शक पेटीत बंद.

"ते पाणी हिनं आणलतं," ते बायकोबद्दल सांगू लागले. "धर्मापुरीच्या देवळामागल्या डबक्यातलं. एसटीत बरणी मांडीवर धरून बसलती, थेंब सांडू दिला न्हाई. ती गेल्यावर बी मी वाढवत आलतो. एवढं बी जमलं न्हाई मला."

मला पुढचं ऐकवेना. तुरटीचं सांगून टाकलं.

 अप्पा पोट धरून हसले, नव्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "लई सोवळं केलंत की त्यांला! मग त्या दिवशी कावून बोलला न्हाईत?"

त्यांच्या हसण्यानं सुटलो असतो, पण सुटायचं नव्हतं.

"अप्पा, तुरटी चुकून फिरवली. पण तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी ते देऊ दिलं. त्याची माफी मागतो. उद्या धर्मापुरीला जाऊ. येताना बरणी मी धरतो."