चव्वेचाळीसपर्यंतची हजेरी

आनंदा चौगुले फोनवर 'हॅलो' म्हणत नाही. "एकतीस, हाय का?" असं विचारतो.

एकतीस म्हणजे मी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मस्टरमध्ये कांबळे या आडनावापुढं हा आकडा होता. मी तो केव्हाच विसरलो होतो, आनंदा विसरलेला नाही. "येस सर" म्हटल्याशिवाय पुढं बोलतच नाही. माझ्या बायकोला सुरुवातीला वाटायचं, मला तुरुंगातून फोन येतात.

आनंदा कोडोलीला असतो. घरी चार म्हशी, आणि अख्ख्या वर्गाच्या बातम्या. "अठराचा मोतीबिंदू काढला. सव्वीसला पणती झाली. नऊ अजून बायकोला भितोय." नाव घेणं त्याला कमीपणाचं वाटतं.

दोन गोष्टींचं मात्र मला भारी कुतूहल होतं. चव्वेचाळीसच्या पुढची एकही बातमी त्याच्याकडं नसायची. विचारलं की, "म्होरचं माझं कच्चं हाय," म्हणायचा. आणि "तुझा नंबर कितवा रे?" म्हटलं, की त्याच्या म्हशी नेमक्या तेव्हाच ओरडायला लागायच्या.

यंदा आम्ही सगळ्यांनी भेटायचं ठरवलं. रंकाळ्याजवळ हॉल घेतला. कळवायचं काम आनंदानं हट्टानं अंगावर घेतलं. "वर्ग जमवायचा तर मीच जमवणार," म्हणाला.

ठरल्या दिवशी मी हॉलभर नजर फिरवली आणि चक्रावलोच. एकही पाटील नव्हता! कोल्हापुरात चार माणसं जमली तरी त्यात दोन पाटील निघतात, आमच्या वर्गात तर चौदा होते. शिंदे नाहीत, सुतार नाहीत, यादव नाहीत. मस्टर इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं असायचं, त्याचा मागचा सगळा भाग गायब होता. तेवढ्यात कुणीतरी पाठवलेला फोटो बघून एका पाटलाचा फोन आलाच, "आमी मेलोय व्हय रं?"

सगळे आनंदावर तुटून पडले. मी त्याला जिन्यापाशी ओढत नेलं.

"अरे, हे काय केलंस?"

टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "मला चव्वेचाळीसपत्तूरच ठावं हाय."

"पण का?"

"तेवढ्यात किटली मोकळी व्हायची की."

मग एकेक उलगडत गेलं. दुसऱ्या वर्षानंतर त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि आनंदानं कॉलेज सोडलं. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. माझ्याही नाही, हे लिहिताना लाज वाटते. शेवटचं वर्षभर तो रोज सकाळी कँटीनला दूध घालायला यायचा. आमच्या वर्गाची खिडकी कँटीनच्या मागच्या दारावर उघडायची. दूध मापून होईतो त्याला आमची हजेरी ऐकू यायची.

"लई हळू मापायचो मी. पर मालक वरडायचा. म्होरचं कवा ऐकायलाच गावलं न्हाय."

"मग आम्हाला विचारायचंस की, लेका!"

"इचारलं असतं तर तुमी म्हणला असता, तू वर्गात न्हवतासच."

 परत जाऊन मी सगळ्यांना ते सांगितलं.  मग ओरडणाऱ्यांनीच भराभर फोन लावले. दुपारपर्यंत सहा पाटील आणि एक यादव शिव्या देत आले आणि शिव्या देतच जेवायला बसले.

जेवणानंतर आनंदाला हजेरी घ्यायला उभं केलं. त्यानं थेट सरांचा सूर लावला. एक, दोन, तीन करत "अकरा, चव्हाण!" झालं. तो बारा म्हणणार तोच मी उठलो.

"बारा, चौगुले!"

आनंदा गोंधळला. "बारा देसाई हाय. कुमुद देसाई."

कुमुद पुढच्याच खुर्चीवर होती. ती म्हणाली, "मी तेरा. आणि माझ्यामागच्यांनो, सगळे एकेक घर सरका."

सगळे सरकले. पार शेवटच्या यादवापर्यंत. आनंदाला मात्र "येस सर" काही म्हणता आलं नाही. त्यानं टोपी डोळ्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"बत्तीस, हाय का?"

"येस सर," मी म्हटलं. "आपण कोण?"

थोडा वेळ नुसत्या म्हशीच ऐकू आल्या.

"बारा," तो म्हणाला.