कणगीतली गिटार

उखाजीनानांशी बोलताना एक मोठी सोय होती. आपण बोलावंच लागत नसे. प्रश्न नाना विचारत, उत्तर नाना देत, त्या उत्तरावर शंका नाना काढत आणि शेवटी वैतागतही नानाच. समोरच्याने फक्त समोर असावं, एवढीच अपेक्षा.

मी नंदुरबारला कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा कुणीतरी सांगितलं की रेल्वे फाटकाजवळ उखाजीनानांच्या घरात एक खोली रिकामी आहे. ट्रंक घेऊन मी त्यांच्या ओट्याशी जाऊन उभा राहिलो. नानांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि फाटकापलीकडच्या माणसालाही कळावं अशा आवाजात सुरू झाले.

"खोली पाहिजे? पाहिजेच. नही ते ट्रंक लई कसाले उना? घाटावरना शे ना? दिसीच ऱ्हायना. लगन व्हयेल शे? नही. व्हयेल ऱ्हातं ते शर्टले बटन ऱ्हातं. च्या पेशी? पेशी. बठ."

मी शर्टाकडे पाहिलं. मधलं बटण खरंच नव्हतं. चहा आला, किल्ली हातात पडली, आंघोळीचं पाणी कुठे आणि वीज गेली तर कंदील कुठे टांगायचा हेही ठरलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. धीर करून "पण नाना..." एवढं म्हणालो, तर त्यांनी हात वर केला.

"तू काय म्हनशी, माले माहीत शे."

हे त्यांचं पालुपद. मला ते आदराने 'भाऊसाहेब' म्हणत आणि लगोलग 'तू'वर येत. त्यात कमीपणा नव्हता, तिकडची रीतच तशी.

भाजीवालीशी त्यांची घासाघीस बघायला शेजारच्या बायका मुद्दाम ओट्यावर येत. नाना वांग्याचा भाव विचारत, मग तिच्या वतीने तो सांगत, मग "इतला? डोकं फिरनं का तुन्हं?" असं स्वतःलाच झापत आणि पुन्हा तिच्या वतीने खाली उतरत. भाजीवाली पाटीला टेकून निवांत तंबाखू मळत बसे. सौदा कधीच तिच्या तोट्याचा होत नसे, कारण तिची बाजूही नाना हिरिरीने मांडत. डॉक्टरांकडे गेले की आजार, कारण, औषध आणि पथ्य सगळं स्वतःच सांगून बाटली पुढे करत. डॉक्टर बिचारे नुसती बाटली भरून देत.

गावाचं मत असं की उखाजी म्हणजे गर्विष्ठ म्हातारा, दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याच्या कुंडलीतच नाही. कोणी म्हणे, आयुष्यभर कापसाच्या जिनात काम केलं, त्या जिनाचा भोंगाच याच्या गळ्यात बसला. ते खरंही वाटे. नाना जिनिंग फॅक्टरीत यंत्रावर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. जवळच्या कोरीटला थोडी जमीन होती, ती पुतण्या कसायचा आणि वर्षाची ज्वारी बैलगाडीने घरी आणून टाकायचा.

ती ज्वारी ज्यात ठेवत त्या दोन कणग्या मधल्या खोलीत होत्या. बांबूच्या विणलेल्या, शेणाने सारवलेल्या, माझ्या छातीएवढ्या उंच. नाना धाकटीतलीच ज्वारी काढून खात. थोरलीला हात लावू देत नसत. एकदा मी सहज तिला टेकलो तर ओरडले, "दूर व्हय! तिन्हामा पराई चीज शे."

आता परकी चीज आणि तीही कणगीत म्हटल्यावर लोकांना सोन्याशिवाय दुसरं काय सुचणार? मलाही तसंच वाटत होतं.

उलगडा झाला तो गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या मिरचीच्या हंगामात. मी स्टेशनवर कुणाला तरी पोचवायला गेलो होतो. सुरतेकडून आलेल्या गाडीच्या गार्डाने मला ओळखून हाक मारली. म्हणाला, "उखाजीला सांगा, डिसोझा येतोय. पुढच्या महिन्यात. आपला बाजा न्यायला."

घरी येऊन मी नानांना सांगू लागलो. पहिल्या वेळी त्यांनी मला दूध नासल्याबद्दल उत्तर दिलं. दुसऱ्या वेळी पुतण्याच्या बैलाबद्दल. शेवटी मी चिडून त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक अक्षर तोडत म्हणालो, "डि-सो-झा!" गार्डाने केली होती तशी, मांडीवर काहीतरी आडवं ठेवून वाजवल्याची खूणही केली.

नाना माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग थोरल्या कणगीकडे वळले. "डिसोझा येई ऱ्हायना?"

त्या दिवशी मला सगळी हकिगत कळली. माझ्या खोलीत पूर्वी हा डिसोझा नावाचा गोव्याचा गार्ड राहत असे. त्याच्याकडे विजेवर वाजणारी हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची, लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, आणि आवाज शेजारी ठेवलेल्या पेटीतून निघायचा. आई आजारी म्हणून तो गोव्याला गेला. जाताना "सांभाळ, येतोच" म्हणून बाजा नानांपाशी ठेवून गेला. तिकडे पोर्तुगीज, इकडे आपण, मधली वाट बंद झाली, आणि 'येतोच' म्हणून गेलेला डिसोझा वर्षानुवर्षं तिकडेच अडकला.

आता मौल्यवान वस्तू ठेवायची कुठे? नानांच्या आजीने पुतळ्यांची माळ कणगीत ठेवली, आईने बी-बियाणं कणगीत ठेवलं. तेव्हा नानांनी गिटार गोणपाटात गुंडाळली, खाली राख, वर कडुनिंबाचा पाला, आणि त्यावर गळ्यापर्यंत ज्वारी ओतली. पेटी मापात बसेना म्हणून माळ्यावर टाकली. दुसऱ्याची वस्तू उघडून बघणं पाप, म्हणून पुन्हा कधी झाकण काढलं नाही.

आम्ही कणगी रिकामी केली. ज्वारीचं पीठ झालं होतं आणि त्यात टोके किडे फिरत होते. गिटार निघाली ती बघून मला वाटलं, ही नसती निघाली तर बरं. राखेची ओल धरून लाकडाचा सांधा उकलला होता. तारा गंजून हात लावताच तुटल्या. माळ्यावरच्या पेटीत उंदरांनी संसार मांडला होता.

नानांनी गिटार उचलून मांडीवर घेतली. मग गिटारीवरची राख धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "त्यानी भरवसावर ठेवेल चीज. आते त्याले कोनतं तोंड दखाडू?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला राहवलं नाही. मी म्हणालो, आपण दुरुस्त करू. ते त्यांना किती कळलं कोण जाणे, पण "तू काय म्हनशी, माले माहीत शे. दुरुस्त करू," असं म्हणून ते उठले.

लाकूड चिकटवायला सरस शिजवला. त्या वासाने शेजारी दारं लावून बसले. सांधा जुळवल्यावर त्यावर वजन हवं होतं. जातं जड पडेल, पाटा कमी पडेल असा विचार करून नानांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, बठ." सबंध रविवार मी फळीवर बसून काढला. जेवणही तिथंच झालं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग डबीत होता, तो मी लपवून ठेवला होता. सोमवारी कचेरीतून आलो तर गिटारीची कड लालभडक झाली होती.

पेटी बाजारातल्या लाउडस्पीकरवाल्याने उंदरांची पिल्लं काढून चालू करून दिली. राहिल्या तारा. नानांना वाटलं, त्यात काय अवघड? कापसाचा मुलूख, गल्लीगल्लीत पिंजारी. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात एवढी चिवट की दिवसभर कापूस पिंजला तरी तुटत नाही. आतड्याची असते ती. नानांनी सहा ताती आणल्या आणि बैलाची वेसण आवळावी तशा ताणून बसवल्या. एक छेडली. टुंग! गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकून नाना ओरडले, "वाजी ऱ्हायनं!"

मग पेटीची वायर जोडली. नानांनी पेटीवर तळवा ठेवला आणि मला खूण केली. मी तात छेडली. पेटी गप्प. दुसरी छेडली. पेटीतून नुसती हूं अशी घरघर.

"बोलत नही," मी सांगायच्या आतच नाना म्हणाले. त्यांचा हात पेटीवरून सरकला आणि मांडीवर पडून राहिला. डिसोझा आठवड्यावर आला होता.

वैतागून मी पेचकस खाली ठेवायला गेलो, तो हातातून निसटला आणि गिटारीच्या मधल्या लोखंडी पट्टीवर पडून चुंबकाला चिकटावा तसा चिकटलाच. पेटीतून असा काही धडाका झाला की मी उडालो आणि ओट्यावरचं मांजर थेट फाटकापलीकडे गेलं. नाना दोन्ही हातांनी पेटीला बिलगले.

"लोखंड! याले लोखंड लागस! आतडानी गोठ याले समजत नही!"

हा शोध आम्हाला दोघांनाही झेपेना. पण पोलादी बारीक तार आणायची कुठून, याचा मी विचार करत असताना नानांनी तो संपवलासुद्धा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघालो. स्टेशनच्या उतारावर ब्रेक दाबला. काही झालं नाही. जोरात दाबला, तर ब्रेकची मूठ हातात आली. उताराच्या टोकाला मिरच्यांची पथारी वाळत घातली होती. मी सायकलीसकट तिच्या मधोमध थांबलो. तो दिवस मी शिंकण्यात घालवला, आणि साहेबांनी मला स्वतःहून रजा दिली.

घरी आलो तर नाना माझ्या ब्रेकच्या पोलादी दोराचे पदर सोडवत बसले होते. बारीक सुरासाठी एक पदर, जाडसाठी दोन-तीन पिळून. मी बोलायला तोंड उघडलं, पण नाकातोंडातून पाणीच येत होतं. नाना म्हणाले, "तू काय म्हनशी, माले माहीत शे," आणि या खेपेला त्यांना खरंच माहीत होतं.

संध्याकाळी पेटी बोलली. सुरात नव्हती, पण खणखणीत बोलली. नाना दोन्ही तळवे पेटीवर ठेवून म्हणत होते, "वाजाड, भाऊसाहेब, वाजाड." मी बोटं दुखेपर्यंत वाजवलं. एवढं बेसूर कुणी आनंदाने ऐकलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

डिसोझा आला. वाळलेला, केस पांढरे झालेला, हसरा माणूस. नानांच्या समोर अगदी जवळ उभा राहिला, दोन्ही खांदे धरले आणि सावकाश म्हणाला, "क्या नाना, जिंदा हो?" गिटारीची लाल कड बघून तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. "मेरे बाजे का पोळा कर दिया!" तारांची कहाणी ऐकून त्याने माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या सायकलीची विचारपूस केली.

मग खिशातून कांडी काढली, ब्रेकच्या तारा सुरात लावल्या आणि गिटार मांडीवर घेतली. पण सुरुवात केली नाही. आधी पेटी उचलून नानांच्या पुढ्यात ठेवली आणि नानांचा हात धरून तिच्यावर ठेवला. नानांनी कपाळही टेकलं आणि डोळे मिटले. तेव्हा कुठे डिसोझा वाजवू लागला.

गत संपल्यावर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? कान तर जिनातच गेले त्याचे. कुणाला सांगत नाही, लाज वाटते. लोकांनी काही विचारू नये म्हणून बोलत सुटतो. मेरा बाजाच एक त्याच्यापर्यंत पोचतो, हातातून."

एवढी वर्षं एका छपराखाली राहून मला हे समजलं नव्हतं. भाजीवालीला नाही, डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही. मला फार वाईट वाटलं. आणि लगेच आठवलं की हा बाजा उद्या सकाळच्या गाडीने जाणार.

सकाळी नानांनी स्वतःच गिटार बांधायला घेतली. माझी चांगली चादर घेतली, त्यावर घोंगडी, त्यावर सुतळी. एकेक गाठ दोनदा तपासली. बोलले मात्र काही नाहीत. स्वतःला एक प्रश्न नाही की उत्तर नाही. नानांच्या घरात मी अशी शांतता कधी अनुभवली नव्हती, आणि ती मला सोसवेना.

डिसोझा चहा पिऊन उठला. ते गाठोडं उचलून त्याने नानांच्याच मांडीवर ठेवलं आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"नाना, रेल्वेने मला परत घेतलंय. याच लाइनवर. गार्डाच्या खोलीत हा कुठे ठेवू? इथेच राहू दे. मी येईन आणि वाजवीन. दर आठवड्याला."

नाना त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. पण इतक्या वर्षांत ज्यांनी कुणालाही, कधीही, चुकूनसुद्धा 'काय म्हणालास?' असं विचारलं नव्हतं, ते नाना गाठोडं पोटाशी धरून म्हणाले, "काय म्हनना? आखो सांग."

डिसोझाने पुन्हा सांगितलं.

"आखो सांग," नाना म्हणाले.