आत्या निघाल्या

एदेल्मिराआत्या दोन वाजता "चला, निघते" म्हणाल्या आणि साडेतीनला दारातच उभ्या होत्या. कोलंबियातल्या मानिसालेस शहरात पाहुणा असाच निघतो. उठल्यावरच खरी बैठक रंगते. त्यात भाचा एवेल्यो पडला न्हावी. कात्री थांबेल, पण त्याची जीभ थांबायची नाही.

आज मात्र त्याची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. चार वाजता त्याच्या सात वर्षांच्या लेकीची, सलोमेची, रोपवेची फेरी. दर रविवारी, चारचीच. मागच्या खेपेला ती हुकली, तेव्हा पोर कान दाबून तासभर जमिनीवर रडली होती आणि शेजारी बसून एवेल्योही.

स्वमग्न मुलांच्या पालकांच्या वर्गात योलिमाबाई कानीकपाळी ओरडत असत, "बडबड कमी! एक चित्र दाखवा, मग गप्प बसून मनात दहा मोजा." एवेल्योची मजल अजून चारापर्यंतच गेली होती.

"आत्या, बस चुकेल हं तुझी."

"हो रे बाबा, निघतेच."

"एवढ्यात? कॉफी तरी घे!" सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. आत्या उसासा टाकून परत बसल्या. हा तिसरा कप होता.

पावणेचारला सलोमे उठली. भिंतीवरच्या पट्टीला चिकटवलेली तिची चित्रं तिने सोडवून घेतली आणि पिशवीचं चित्र आत्यांच्या नाकासमोर धरलं.

"अगं बाई, हे काय?"

"आत्या, रागावू नकोस, ती काय आहे ना..." एवेल्यो सुरू झाला. सलोमेने ओठांवर बोट असलेलं चित्र त्याच्या छातीला चिकटवलं. तो मनात मोजू लागला. एक, दोन, तीन... आत्यांनी पिशवी उचलली. मग दाराचं चित्र. आत्या दाराबाहेर. मग बसचं. आत्या चक्क रस्त्यावर! सलोमेने मागून "संपलं"चं लाल चित्र दाखवलं.

एवेल्योला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खी आत्या, आता जन्मभर तोंड बघणार नाही!

आत्या गर्रकन वळल्या. "देव तुझं भलं करो, पोरी! दोनपासून निघायचं म्हणतेय. पाय मोडून आले माझे, पण हा मेला सोडेल तर शपथ!"

एवेल्योने तोंड उघडलं. सलोमेने त्याच्या छातीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो पूर्ण दहापर्यंत पोचला.

"हे छातीवरचं मला एक करून दे गं," आत्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येताना घेऊनच येईन."

चारची फेरी मिळाली.